मुलीचं डोकं, मुलाचं डोकं आणि ताटातला वाटा



आज आम्ही मेंदूबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून घाबरू नका. गटांच्या बैठकीत कर्जाचे हप्ते आणि व्याजाचा हिशेब झाला की गप्पा निघतात आणि त्यात तीन वाक्यं आम्हाला नेहमी ऐकू येतात. पहिलं, "पोरींचं डोकं गणितात चालत नाही, मग सायन्सला घालून काय करायचं?" दुसरं, "पोरगा आहे तो, दांडगाई करणारच." तिसरं वाक्य आपण बायकाच आपल्याबद्दल बोलतो, "आम्हाला काय कळतंय, आमची अक्कल चुलीपुरती."

तिन्ही वाक्यांचं मूळ एकच आहे. माणूस जन्माला येतानाच कसा ते ठरून येतो, त्यात बदल होत नाही, हा समज. आपण ज्या गावाच्या पंचक्रोशीत राहतो तिथे हा समज फार जुना आहे आणि तो मोडलाही इथेच गेला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. जन्मावरून माणूस उणा ठरत नाही, हे त्यांनी ओंजळभर पाण्याने दाखवलं. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले आणि मुलींना शिकवा असं त्यांनी सांगितलं. तेव्हा जन्मावरून डोक्याची किंमत करायची की नाही, हा प्रश्न आपल्या मातीतलाच आहे. आज विज्ञान त्यावर काय म्हणतं ते पाहू.

गटाची वही आणि तिच्यातल्या खुणा

आपलं शरीर अब्जावधी पेशींचं बनलेलं आहे. पेशी म्हणजे शरीराची एकेक वीट. जवळजवळ प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो, त्याला डीएनए म्हणतात. त्या मजकुरातली एकेक सूचना म्हणजे जनुक. केस कसे असावेत, रक्तात काय तयार व्हावं, मेंदूच्या पेशीने काय करावं, अशा सगळ्या सूचना त्यात असतात. निम्मा मजकूर आईकडून येतो आणि निम्मा वडिलांकडून.

आता आपल्या गटाचं दप्तर डोळ्यांसमोर आणा. इतिवृत्ताच्या वहीत शाईने लिहिलेलं बदलत नाही. पण आपण कुठे पान दुमडतो, कुठे टाचणी लावतो, कुठे दोन पानं चिकटवून टाकतो. मजकूर तोच राहतो, फक्त कोणतं पान पटकन उघडेल आणि कोणतं बंद राहील ते बदलतं. आपल्या जनुकांवरही अशाच खुणा असतात. त्यांतली एक महत्त्वाची खूण मिथाइल नावाच्या अगदी छोट्या रसायनाची असते. बहुतेक वेळा ती ज्या जनुकाच्या तोंडाशी बसते ते जनुक गप्प होतं. या खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. मराठीत अधिजनुकशास्त्र असा शब्द आहे. 'एपि' म्हणजे वर. जनुकांच्या वरच्या खुणांचं शास्त्र, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

या खुणा लागतातच, आणि त्या लागायलाही हव्यात. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत मजकूर एकच असतो. डोळ्याच्या पेशीने डोळ्याची पानं उघडी ठेवली आणि बाकीची मिटली, म्हणून तो डोळा झाला. आणि काही खुणा आपण काय खातो, कशात राहतो, किती भीतीत जगतो, यावरूनही लागतात. आजचा आपला मुद्दा तो आहे.

राणीमाशीची गोष्ट

पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून वर गेलं की महाबळेश्वर. तिथलं मांघर हे गाव २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मधमाशीच्या पोळ्यात एक राणी असते आणि हजारो कामकरी माश्या असतात. राणी मोठी असते, कामकरी माश्यांपेक्षा कितीतरी जास्त जगते आणि अंडी घालते. कामकरी माश्याही माद्याच, पण त्या अंडी घालत नाहीत, आयुष्यभर राबतात. आपल्याला वाटेल की राणी वेगळ्या बीजाची असेल. तसं नसतं. दोघींची अंडी सारखीच असतात. ज्या अळीला राणी करायचं, तिला माश्या शेवटपर्यंत रॉयल जेली नावाचं खास अन्न भरवतात. बाकीच्या अळ्यांना ते पहिले काही दिवस मिळतं, मग मध आणि परागकणांवर भागवावं लागतं.

२००८ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी अळ्यांमधलं मिथाइल खुणा लावणारं एक जनुक बंद केलं. खास अन्न न देताही बऱ्याच अळ्यांच्या राण्या झाल्या. म्हणजे अन्नाने खुणा बदलतात आणि खुणांनी आयुष्य बदलतं. बीज एकच, वाढणं वेगळं. माणूस मधमाशी नव्हे, आपल्यात एवढा टोकाचा बदल होत नाही. पण ताटातला वाटा अंगात किती खोल जातो, ते या गोष्टीतून कळतं.

मुलगा की मुलगी, हे कोण ठरवतं?

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. खुणा बदलतात म्हणजे काही खाऊन पोटातल्या मुलीचा मुलगा करता येतो, असं मुळीच नाही. मुलगा होणार की मुलगी, हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं. आईच्या बीजात नेहमी एक्स गुणसूत्र असतं. वडिलांच्या बीजात एक्स तरी असतं नाही तर वाय. वाय आलं तर मुलगा, एक्स आलं तर मुलगी. त्यात आईचा काहीही हात नसतो, तेव्हा मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणारीने हे दोनदा ऐकावं.

मुलगा होण्यासाठी म्हणून कुणी पूड, मुळी किंवा गोळी दिली तर घेऊ नका. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशी औषधं घेतलेल्या बायकांना मृत बाळ होण्याचा आणि बाळात जन्मतः व्यंग असण्याचा धोका जास्त दिसला. सोनोग्राफीत लिंग सांगणं आणि विचारणं, दोन्ही गुन्हा आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं आपलं महाराष्ट्र पहिलं राज्य, १९८८ साली. १९९४ साली देशाचा कायदा आला.

मग मेंदूत फरक असतो का?

असतो, पण लोक समजतात तसा नसतो. मुलाच्या गर्भात साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यापासून वाय गुणसूत्रावरचं एक जनुक काम सुरू करतं, वृषण बनू लागतात, आणि पुढे तिथून टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते मेंदूपर्यंत पोचतं आणि काही भागांच्या वाढीवर परिणाम करतं. प्राण्यांमध्ये तर हा परिणाम खुणांमधूनही होतो. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात उंदरांवर झालेलं काम २०१५ साली प्रसिद्ध झालं. मादी पिलांच्या मेंदूच्या एका भागातल्या मिथाइल खुणा कमी केल्या, तर त्या मोठेपणी नरासारख्या वागल्या. म्हणजे मादीचा मेंदू ही काही न झालेली, अपुरी गोष्ट नाही. तो मादीचा राहावा म्हणून खुणा सतत काम करत असतात.

माणसांमध्ये काय दिसतं? पुरुषांचा मेंदू सरासरीने साधारण दहा टक्के मोठा भरतो. शरीरही सरासरीने मोठंच असतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या नामांकित विद्वानांनी मेंदू तराजूत तोलले आणि बायकांचा हलका भरतो म्हणून त्यांची बुद्धी कमी, असं सांगितलं. तो तर्क फसवा होता. वजनावर अक्कल ठरली असती तर म्हशीने आपल्याला हिशेब शिकवला असता.

दुसरा फरक वेळेचा आहे. अमेरिकेत मुलामुलींच्या मेंदूची वर्षानुवर्षं छायाचित्रं घेतली, तेव्हा मुलींच्या मेंदूचा एकूण आकार साधारण साडेदहाव्या वर्षी आणि मुलांचा साधारण साडेचौदाव्या वर्षी सर्वांत मोठा झालेला दिसला. म्हणून बारा-तेरा वर्षांची मुलगी समजूतदार आणि त्याच वयाचा भाऊ पोरकट वाटला, तर त्यात नवल नाही. त्याला उशीर लागतो, एवढंच. पण म्हणून घरची सगळी जबाबदारी तिच्या गळ्यात घालायची, असा त्याचा अर्थ होत नाही.

हे सगळे सरासरीचे फरक आहेत. गावातल्या सगळ्या पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त भरेल. म्हणून प्रत्येक पुरुष प्रत्येक बाईपेक्षा उंच असतो का? मेंदूच्या बहुतेक भागांत तर फरक उंचीपेक्षाही कितीतरी कमी आहे. इस्राएलमधल्या तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी चौदाशेहून जास्त मेंदूंची छायाचित्रं तपासली आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. सगळे भाग 'बायकी' किंवा सगळे भाग 'पुरुषी' असे मेंदू फारच थोडे निघाले. बाकी सगळे आपल्या गोधडीसारखे. एक तुकडा आजीच्या लुगड्याचा, एक बाबांच्या सदऱ्याचा, एक बाळाच्या झबल्याचा. प्रत्येकाची गोधडी वेगळी. तुकडे बघून ती कुणी पांघरली हे सांगता येत नाही, तसंच मेंदू बघून याला गणित जमेल, हिला जमणार नाही, असं सांगता येत नाही. आपल्या राज्यात दहावी-बारावीला मुलींच्या पास होण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं मुलांपेक्षा जास्त येतंय, ते आपण पेपरात वाचतोच.

उंदरीण पिलांना चाटते तेव्हा

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. जो फरक दिसतो, तो सगळा जन्मतःच असतो का?

उंदरीण पिलांना चाटते, गोंजारते. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवलं की ज्या पिलांना आई जास्त चाटते, त्यांच्या मेंदूत भीती आणि ताण आवरणाऱ्या एका जनुकावरच्या खुणा वेगळ्या असतात. ती पिलं मोठी झाल्यावर कमी घाबरतात. कमी चाटणाऱ्या आईची पिलं जास्त चाटणाऱ्या आईकडे वाढवली, तर ती तिच्या पिलांसारखी झाली. म्हणजे हा फरक रक्तातून आला नव्हता, सांभाळातून आला होता.

आणखी एक गोष्ट त्याआधीच, १९७९ साली, सीलिया मूर या अमेरिकन संशोधिकेने नोंदवली होती. उंदरीण नर पिलांना मादी पिलांपेक्षा जास्त चाटते. पुढे दुसऱ्या संशोधकांनी मादी पिलांना मऊ कुंचल्याने जास्तीचं गोंजारलं, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या एका जनुकावरच्या खुणा नर पिलांसारख्या झाल्या. मैत्रिणींनो, इथे थोडं थांबून विचार करा. नर-मादीच्या मेंदूतला जो फरक आपण जन्माचा म्हणून बघत होतो, त्यातला काही भाग आई दोघांना वेगळं वागवते म्हणून तयार होतो.

उंदरावरून माणसाची गोष्ट जशीच्या तशी सांगता येत नाही. जिवंत माणसाचा मेंदू कापून खुणा मोजता येत नाहीत. पण आपल्या घरांतलं वागवणं कसं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. मुलगा पडला तर "उठ रे, काही नाही झालं" आणि मुलगी पडली तर "म्हटलं होतं ना, झाडावर चढू नको." त्याला गाडीचा नट सोडवायला बोलावतो, तिला भाकरी थापायला. त्याला बाजारात हिशेबाला पाठवतो, तिला पाण्याला. दहा-पंधरा वर्षं असं केल्यावर आपण म्हणतो, बघा, त्याचं डोकं यंत्रात चालतं आणि हिचं चालत नाही. मेंदूचा जो भाग वापरात राहतो तो पक्का होतो. तेव्हा हा फरक जन्माने किती दिला आणि आपण किती दिला, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मुलांच्या बाबतीतही हे खरं आहे. मुलगा दणकट, त्याला काही होत नाही, असं आपण म्हणतो. पण गर्भात आणि जन्मल्यावर पहिल्या दिवसांत मुलगेच जास्त नाजूक असतात. दिवस भरण्याआधी जन्मणाऱ्यांत मुलगे थोडे जास्त असतात, उशिरा बोलू लागणाऱ्यांतही जास्त. मुलाची वार आणि मुलीची वारसुद्धा आईच्या अंगावरचा ताण थोडा वेगवेगळ्या तऱ्हेने झेलते. तेव्हा मुलग्यालाही जवळ घ्या, त्याच्याशी बोला, त्याला रडू द्या. त्याचा मेंदूही मायेवरच वाढतो.

पुण्याजवळच्या सहा गावांनी काय शिकवलं

आता आपल्या राज्यातलं उदाहरण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच बायका. त्या गरोदरपणी काय खातात, किती काम करतात, त्यांच्या रक्तात काय आहे, याची नोंद केली आणि त्यांच्या मुलांना पुढे वर्षानुवर्षं तपासत राहिले. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं दिसायला बारीक, पण अंगात स्नायू कमी आणि चरबी त्यामानाने जास्त. पुढे मधुमेहाचा धोका तिथूनच सुरू होतो.

आणखी एक गोष्ट सापडली. साधारण दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. मघाशी आपण मिथाइल खूण पाहिली. ती खूण तयार करायला शरीराला जे लागतं, त्यात बी-१२ आणि फोलिक ॲसिड ही दोन मुख्य आहेत. शिवाय मेंदूच्या नसांवरचं आवरण नीट राहायलाही बी-१२ लागतं.

ती मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्यातल्या शंभरावर मुलांची चाचणी घेतली. आकडे ऐकून उलट्या क्रमाने सांगायचे, लक्ष देऊन रंग आणि आकडे जोडत जायचं, अशी ती चाचणी. गरोदरपणी ज्यांच्या आईला बी-१२ कमी होतं, ती मुलं या दोन गोष्टींत मागे पडली. बुद्धीच्या इतर चाचण्यांत फरक दिसला नाही. फरक लहान होता, पण लक्ष लागणं आणि ऐकलेलं ध्यानात राहणं हेच शाळेत पहिल्या दिवसापासून लागतं.

पुढे याच अभ्यासातल्या मुलामुलींपैकी काहींना वर्षभर बी-१२ दिलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांना त्यांच्या रक्तातल्या काही जनुकांवरच्या खुणा बदललेल्या दिसल्या. आणि २०१२ पासून 'प्रिया' नावाचा प्रयोग सुरू झाला. तीच मुलं आता तरुण झाली होती. लग्न आणि गरोदरपणाच्या आधीपासूनच त्यांना बी-१२ ची थोडी मात्रा रोज द्यायची, असं ठरवलं. त्यांची बाळं दोन-तीन वर्षांची झाल्यावर तपासली. ज्या आयांना बी-१२ मिळालं होतं, त्यांची बाळं समजणं आणि बोलणं या दोन बाबतींत सरस ठरली. बाळांची संख्या लहान आहे, अजून काम चालू आहे. तरी त्यातून एक मोठी गोष्ट दिसते. बाळाच्या मेंदूची तयारी डोहाळे लागल्यावर नाही, ती आई पोरगी असतानाच सुरू करायची.

ही तयारी आणखीही मागे जाते. मुलगी आपल्या आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयातली सगळी बीजं तयार होतात. आजी गरोदर होती तेव्हा तिच्या पोटात तुमची आई होती, आणि त्या इवल्या आईच्या पोटात तुमचं बीज होतं. एका ताटावर तीन पिढ्या जेवत होत्या. आणि त्या ताटाची आपल्याकडे अवस्था काय? घरातली बाई शेवटी जेवते, उरलंसुरलं खाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त. लोह कमी असलं की पोटातल्या बाळाच्या मेंदूलाही ते कमी पडतं.

संकटाच्या वेळी

जुलै २०२१ चा महापूर आणि तळियेची दरड आपण कुणीच विसरलेलो नाही. अशा वेळी पोटुशी बाईकडे कोण बघतं? कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जानेवारी १९९८ मध्ये मोठं हिमवादळ झालं, लाखो लोक कित्येक दिवस विजेविना राहिले. तेव्हा गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांना संशोधकांनी पुढे तपासलं. तेरा वर्षांच्या काही मुलांच्या रक्तात जनुकांवरच्या खुणांचा संबंध आईने किती हाल सोसले याच्याशी दिसला. आई मनाने किती घाबरली होती, याच्याशी तो तसा दिसला नाही. म्हणजे "घाबरू नको, देवाचं नाव घे" एवढ्याने भागत नाही. पूर आला की पोटुशीला पहिल्यांदा कोरडी जागा, गरम अन्न, स्वच्छ पाणी आणि दवाखान्यापर्यंत गाडी मिळाली पाहिजे. प्रत्येक गटाकडे वाडीतल्या गरोदर बायकांची यादी पावसाळ्याआधी तयार असावी, असं आम्हाला वाटतं.

आईच्या माथी दोष नको

आता एक भीती. हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, "बघ, तू नीट खाल्लं नाहीस म्हणून पोरगं मठ्ठ झालं." असं म्हणायला या शास्त्राचा आधार मिळत नाही. खुणा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. काही टिकतात, काही बदलतात, आणि पुढच्या पिढीचं बीज तयार होताना बहुतेक पुसल्या जातात. मेंदू लहानपणी वेगाने वाढतो, पण शिकणं आयुष्यभर चालू राहतं. साठीतल्या आज्या आपल्या गटात सही करायला शिकल्यात की नाही?

आणि आई जे खाते ते घर तिला काय वाढतं यावर असतं. तिला किती ओझं उचलावं लागतं, रात्री मार बसतो की नाही, सोळाव्या वर्षी लग्न कुणी लावलं, हे तिने एकटीने ठरवलेलं नसतं. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के बायकांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आहे. म्हणून जबाबदारी सासूची, नवऱ्याची, गावाची, सरकारची. आईची सर्वांत शेवटी.

आपल्या हातात काय आहे

शास्त्र समजलं, आता घरात काय करायचं ते सांगतो.

१. एकत्र जेवा. निदान आठवड्यातून चार दिवस तरी सगळ्यांची पानं एकदम वाढा. वरण, अंडं, मासळी यांचा वाटा मुलीला, सुनेला आणि मुलाला सारखा.

२. बी-१२ भाजी-भाकरीत नसतं. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे आणि मटणात असतं. सुकट, बोंबील घरात असतातच, ते पोरींच्या पानातही पडू द्या. माळकरी घरात दूध-दही-ताक रोज हवं. हातापायाला मुंग्या, सततचा थकवा असेल तर डॉक्टरांना विचारून तपासणी करा. गोळ्या मनाने सुरू करू नका.

३. लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या आशाताई देतात त्या घ्या. किशोरींना आठवड्याला निळी गोळी, गरोदर बाईला रोज लाल गोळी. मळमळ झाली तर जेवल्यावर घ्या, पण बंद करू नका. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, त्याने अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. शेवग्याचा पाला, टाकळा, कुळीथ, वाल, नाचणी हे आपल्या दारचंच आहे. मीठ आयोडीनचं वापरा, बाळाच्या मेंदूला ते लागतं.

४. बाळाशी बोला. गरोदरपण आणि नंतरची दोन वर्षं हा मेंदूचा सर्वांत वेगाने वाढण्याचा काळ. अंगाई, गप्पा, मांडीवर घेणं याला पैसे लागत नाहीत. मुलीला आणि मुलाला सारखंच घ्या.

५. मुलीला खेळू द्या, हिशेबाला बसवा, बाजारात पाठवा. मुलाला भाकरी थापायला आणि बाळ सांभाळायला शिकवा. दोघांच्या गोधडीत सगळे तुकडे येऊ द्या.

६. किशोरवयात मेंदूची पुन्हा मोठी जुळवाजुळव चालते. त्या वयात मुलीची झोप मोडू नका, शाळा सोडवू नका, अठराच्या आत लग्न लावू नका.

७. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू कसा आहे ते सांगतो, असं म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. त्याला शास्त्राचा आधार नाही. तेवढ्या पैशात अंडी येतील.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा आणि गोल बसून तीन प्रश्नांवर बोला. काल आपल्या घरी शेवटी कोण जेवलं आणि त्याच्या पानात काय होतं? मुलीला आणि मुलाला आपण सांगत असलेल्या कामांत कुठली कामं वेगळी आहेत, आणि का? आपल्या वाडीत आज पोटुशी कोण आहे, आणि तिच्याकडे या आठवड्यात कोण जाऊन येणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतिवृत्तात नावानिशी लिहा. म्हणजे पुढच्या वेळी विचारता येईल.

जन्माला येताना आपण मजकूर घेऊन येतो, हे खरं. पण कुठली पानं उघडतील यात घराचा, गावाचा, ताटातल्या वाट्याचा मोठा हात असतो. पुन्हा कुणी म्हणालं, "पोरींचं डोकंच तसं," तर त्याला सरळ विचारा, "तुम्ही तिला काय वाढलंत?"

तुमचे प्रश्न गटाच्या सचिवांकडे लिहून द्या, पुढच्या वेळी त्यांवर बोलू.